आत्याची मान

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावासारख्या मित्रापाशी नाही. सिद्धेश्वराच्या देवळात कितीदा उभा राहिलो, पण तिथंसुद्धा मनातल्या मनात शब्द जुळवायचं धाडस झालं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणून असेल. समोर माणूस असला की माझी नजर त्याच्या मानेवर जाते — ती कुठल्या बाजूला हलतेय ते मी बघत राहतो — आणि मग माझ्याच्यानं बोलवत नाही.

आमच्या पेठेत माझं नाव चांगलं आहे. शाळामास्तर आहे, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अजूनही एखादी म्हातारी आपल्या सुनेला सांगते, "सेवा करावी तर मास्तरांनी केली तशी. आत्याला हातानं भरवलं शेवटपर्यंत." हे खोटं नाही. मी भरवलं. पेज, भाताचं पाणी, उन्हाळ्यात कलिंगडाचा रस — चमच्या-चमच्यानं. खोटं काय आहे ते त्या चमच्याच्या मागे आहे.

थांबा. आधी आत्या कोण ते सांगतो.

माझे आईबाप प्लेगात गेले. मला ते आठवतही नाहीत. वडिलांची बहीण अंबूबाई, तिनं मला सोलापूरला आणलं. साखर पेठेत तिचं घर होतं. पुढं राहायच्या खोल्या, मध्ये चौक, आणि मागं मागाची शेड — आमच्याकडे लुगडी विणायचे. तिच्या यजमानांनी ते घर तिच्या नावानं घेतलं होतं. ते गेल्यावर लोकांना वाटलं, बाई आता माग विकेल. तिनं विकले नाहीत. पदर खोचला आणि स्वतः ताण्याला, मागावरच्या उभ्या सुताला, खळ लावायला उभी राहिली. तिला मूलबाळ नव्हतं. मी होतो, आणि नरसव्वा होती.

नरसव्वा तेलंगी. तिचा नवरा तिला टाकून निजामाच्या मुलखात निघून गेला, तेव्हा कडेवर तान्ही पोर घेऊन ती आमच्या दारात काम मागायला आली. आत्यानं तिला मागावर बसवलं आणि शेडीलगतच्या दोन खोल्यांत राहायला जागा दिली. आत्याला तेलुगू येत नव्हतं, नरसव्वाला मराठी धड येत नव्हतं. दोघींनी मिळून एक तिसरीच भाषा केली होती. मी शाळेतून आलो की चौकात त्या भाषेचा आवाज असायचा आणि मागच्या शेडीतून मागावर धावणाऱ्या धोट्याची खटखट. मला वाटायचं, सगळ्या घरांत असंच असतं.

आत्या शिकलेली नव्हती, पण मरणाचा विचार तिनं शिकलेल्यांपेक्षा आधी केला. आमच्या शेजारी एक घर होतं. बाप काही न सांगता-सवरता गेला, आणि मुलांनी वाटणी केली ती अशी, की मधली भिंत बरोबर चुलीवरून गेली. अर्धी चूल इकडे, अर्धी तिकडे. त्या घरात पुन्हा कुणी सुखानं जेवलं नाही. आत्यानं ते बघितलं होतं. एकदा जोंधळे निवडता निवडता ती मला म्हणाली,

"दत्तू, माज्यामागं असलं नको व्हायला. पुढलं घर तुला, सोनं तुज्या बायकूला. मागली शेड, माग आन त्या दोन खोल्या नरसव्वाला. ह्या घराला तिचं लई हात लागल्यात. वकिलाला बोलवून आन. आपन हाय तवर आपलं सांगावं. मेलेल्याला कोन इचारतंय?"

मी हो म्हटलं. पण वकिलाला आणलं नाही.

का आणलं नाही? आधी म्हटलं, शाळेच्या परीक्षा होऊ देत. मग म्हटलं, ऊन उतरू दे. आत्या दर आठवड्याला आठवण करायची, मी दर आठवड्याला नवं कारण काढायचो. खरं कारण वेगळं होतं. माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मुलीचे वडील घर बघायला आले, तेव्हा आत्या बाजारात गेली होती. मी त्यांना चौक दाखवला, शेड दाखवली. त्यांनी विचारलं, "हे मागचंपण तुमचंच?" मी म्हटलं, "सगळं आमचंच." नरसव्वा मागावर बसलेली होती. तिनं मान वर केली नाही. धोटा मात्र थांबला. की थांबला असं मला वाटलं? — आता सांगता येत नाही.

आणि मग चैत्रात, एका सकाळी, ताण्याला खळ लावताना आत्या जागच्या जागी खाली बसली. बसली ती कलंडली. अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू पार गेली, तोंड वाकडं झालं, आणि बोलणं — बोलणं गेलं असं म्हणायचं, पण एक शब्द राहिला. "बघ."

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. सगळी भाषा पुसली जाते आणि एखादाच शब्द उरतो. तो कुठला उरावा, हे कुणाच्या हातात नसतं. आत्याजवळ 'बघ' उरला. पाणी हवं असलं तरी बघ, कूस बदलायची असली तरी बघ. सुरुवातीला ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. पण मला आणि नरसव्वाला हळूहळू कळायला लागलं. शब्द एकच होता, चाल वेगळी असायची. आपण बोलतो त्या प्रत्येक वाक्याला एक चाल असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आत्या सगळं वाक्य त्याच चालीवर म्हणायची, फक्त आत शब्द नसायचे. बघ बघ, बघबघ बघ. आणि मी ओळखायचो — हे "दिवा लाव" आहे, हे "जेवलास का" आहे.

आणि हे "वकिलाला बोलवून आण" आहे.

तेही मी ओळखलं होतं. चाल तीच, शेवटाला तोच हेल. नरसव्वापण म्हणाली, "मास्तर, आक्का वकिलाचं म्हन्त्यात." मी म्हटलं, "असेल."

आता मानेबद्दल सांगायला हवं. इथवर आलो की मी नेहमी थांबतो. मनातसुद्धा.

आजारपणाच्या पहिल्या दिवसांत आत्याची मान उलटसुलट हलायची. भूक लागलीय का म्हणून विचारलं की आडवी हलायची, नाही नाही अशी, आणि तोंड मात्र उघडायचं. डॉक्टरांनीही ते बघितलं, शेजारचे सुताचे व्यापारी तात्या समाचाराला आले तेव्हा त्यांनीही बघितलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गोंधळ झालाय, निवळेल. आणि तो निवळला. थोड्याच दिवसांत आत्याचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही झालं. पण ते निवळलं, हे ठाऊक होतं दोघांनाच. मला, आणि नरसव्वाला.

अशात बार्शीहून आत्याचे दीर आले. ओसरीवर बसून त्यांनी छपराच्या तुळया बघितल्या, भिंतीवर हात फिरवला. आत्यापाशी घटकाभरही बसले नाहीत. जाताना मला म्हणाले, "वहिनींनी काही लिहून-बिहून ठेवलंय का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'नं मी हललो. दुसऱ्याच दिवशी वकिलांकडे गेलो. ते जुने, सरळ गृहस्थ होते. त्यांनी मला शांतपणे समजावलं — घर बाईंच्या स्वतःच्या नावाचं आहे, त्या ते कुणालाही देऊ शकतात, पण लिहून दिलं तर. न लिहिता गेल्या तर ते सासरकडे जाईल, दिराच्या घरी. "तुम्ही माहेरचे. तुमच्या हाती काही यायचं नाही." बोलता येत नसलं तरी चालेल, म्हणाले, फक्त शुद्ध हवी आणि समज हवी. मजकूर त्यांना वाचून दाखवायचा, त्यांचा होकार घ्यायचा, अंगठा घ्यायचा, आणि दोन साक्षीदार हवेत — ज्यांना त्यातलं काही मिळायचं नाही असे. मग त्यांनी विचारलं, "बाईंच्या मनात काय आहे?"

मी म्हणालो, "सगळं मला."

हे तोंडातून आपोआप निघून गेलं, असं लिहिणार होतो. नाही. साखर पेठेपासून त्यांच्या घरापर्यंत चालत जाताना मी ते ठरवलं होतं. शब्दसुद्धा ठरवले होते.

वकील आले तो दिवस भर वैशाखातला होता. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आत्याच्या खोलीच्या खिडक्यांना ओली पोती लावली होती, त्यामुळं आत हिरवट अंधार होता, आणि ओल्या तागाचा वास. माग बंद ठेवले होते. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. साक्षीला डॉक्टर आणि सुतवाले तात्या. नरसव्वा आत्याच्या उशाशी बसून वारा घालत होती.

वकिलांनी विचारलं, "या बाईंना काही द्यायचं आहे का?"

मी म्हटलं, "लुगडं-चोळी, थोडंफार."

"मग यांनी इथं असू नये." ते माझ्याकडे वळले. "खरं म्हणजे तुम्हीही नसावं."

डॉक्टर म्हणाले, "पण मास्तरांशिवाय त्यांचं बोलणं कळायचं कुणाला?"

वकिलांनी कागदाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. त्यांना ते पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, "बरं, राहा." नरसव्वानं पंखा खाली ठेवला. उठताना आत्याच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि बाहेर गेली. दार ओढून घेतलं. ती पायरीवर बसली असणार.

वकिलांनी मजकूर वाचला. सावकाश, एक-एक वाक्य. आत्याची नजर त्यांच्या तोंडावर होती. डोळे स्वच्छ होते. तिला सगळं कळत होतं — हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो, जे तेव्हा त्यांना सांगितलं नाही. "माझ्यामागे माझे सगळे घर, पुढील व मागील, शेडीसह, माझा भाचा दत्तात्रय यास मिळावे," असं वाचून वकील थांबले आणि वाकून म्हणाले, "अंबूबाई, हे तुमच्या मनासारखं आहे?"

आत्याची मान हलली. आडवी. एकदा, मग पुन्हा. नीट, ठाम. नाही. आणि तिनं माझ्याकडे बघितलं — रागानं नाही. एखादा मुलगा पाढा चुकला की आपण त्याच्याकडे बघतो ना, चूक सुधारून घे म्हणून, तशी.

"बघ," ती म्हणाली.

वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी म्हटलं, "आजारपणापासून तिची मान उलटी हलते. आडवी हलवली की हो समजायचं. डॉक्टरांना माहीत आहे."

डॉक्टर म्हणाले, "हो, तसं होतं खरं." तात्याही म्हणाले, "मीही पाहिलंय." कुणी खोटं बोललं नाही. त्या खोलीत खोटं बोलणारा मी एकटाच होतो, आणि मीही अर्धंच खोटं बोललो होतो. अर्धं खोटं किती टिकाऊ असतं, नाही?

पण वकील जुने माणूस. ते म्हणाले, "मी एकदा खात्री करून घेतो." आणि आत्याकडे वाकून त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. "बाई, तुमचं नाव अंबूबाई, बरोबर?"

इथं सगळं संपायला हवं होतं. तिनं मान खाली-वर केली असती, की मी उघडा पडलो असतो. माझी शाळा, माझं लग्न, पेठेतली माझी अब्रू — कदाचित तुरुंगसुद्धा. मला घाम फुटला नाही. उलट पाय गार पडले. वैशाखातल्या दुपारी माझे पाय गार पडले होते, ते अजून आठवतात.

आत्यानं वकिलांकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. किती वेळ, कोण जाणे. दूर गिरणीचा भोंगा झाला आणि विरला. मग — तुम्ही विश्वास ठेवा की ठेवू नका — तिची मान हलली. हळूच. आडवी.

स्वतःच्या नावाला तिनं नाही म्हटलं.

वकिलांनी समाधानानं श्वास सोडला. "ठीक आहे," म्हणाले. शाई लावली. तिचा डावा हात उचलला, तो मऊ होता, कापडासारखा. अंगठा उमटला. डॉक्टरांनी सही केली, तात्यांनी सही केली. मी सगळ्यांना सरबत दिलं.

त्या दिवसापासून आत्या 'बघ' म्हणाली नाही. तो एक शब्द उरला होता, तोही गेला. आणि तिची मान — मला हे नीट सांगायचं आहे, कारण याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही — तिची मान त्या दिवसापासून खरोखरच उलटी हलायला लागली.

दुसऱ्या सकाळी नरसव्वानं विचारलं, "आक्का, पानी?" मान आडवी. नरसव्वानं पेला बाजूला ठेवला. आत्या पेल्याकडे बघत राहिली. नरसव्वानं पुन्हा विचारलं, पुन्हा आडवी, आणि ओठ मात्र उघडले. नरसव्वा माझ्याकडे आली. "मास्तर, कालपर्यंत तर सरळ हालत हुती की मान." मी म्हटलं, "पुन्हा गोंधळ झाला असेल." ती परत आत गेली. पण मला माहीत आहे, तिनं नंतर पुन्हा पुन्हा विचारून बघितलं. मी चौकात असलो की खोलीतून ऐकू यायचं — "आक्का, ऊन लागतंय? आक्का, मी नरसव्वा न्हवं का? आक्का, ही माजी पोरगी न्हवं का, पद्मा?" आणि मग शांतता. त्या शांततेत मान कुठं हलत असेल ते मला न बघता कळायचं. एकदाही ती चुकली नाही. मी नसतानाही नाही, झोपेतून उठवून विचारलं तरी नाही.

तिनं मला वाचवलं का? माझ्या एका खोट्यासाठी आपलं हो आणि नाही कायमचं बदलून घेतलं — पोसलेल्या पोराची लाज झाकायला? की त्याच क्षणी तिच्या डोक्यात खरंच काही उलटलं, आणि तिचा त्यात काही हात नव्हता? की — हे मला सगळ्यात भयंकर वाटतं — मी बोललो म्हणून ते झालं? डॉक्टरांना आडून विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी तिच्या तोंडाशी चमचा न्यायचो आणि विचारायचो, "आणखी?" ती माझ्याकडे बघत मान आडवी हलवायची. आणि मी भरवायचो. दर घासाला ती मला नाही म्हणायची आणि दर घास गिळायची. पावसाळा गेला, दसरा गेला. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्यांना काय दिसलं असतं? एक भाचा आत्याला भरवतोय. पेठ तेच सांगते.

ती गेली ती थंडीत, दुपारची. मी पुढच्या खोलीत वह्या तपासत होतो. नरसव्वा मागं मागावर होती. आणि आत्याच्या खोलीतून मला आत्याचं बोलणं ऐकू आलं. 'बघ' नव्हे. तिचं जुनं, भरलेलं बोलणं — वाक्यांमागून वाक्यं, आजारापूर्वी ती चौकात उभी राहून बोलायची तसं. शब्द मला कळले नाहीत, मध्ये भिंत होती. पण आवाजात काही चूक नव्हती. मी धावलो. पुढल्या दारातून मी आत शिरलो तेव्हा मागल्या दारातून नरसव्वा आत येत होती. तिच्या हातात धोटा तसाच होता. ती धावत आली होती.

आत्या पडून होती, डोळे मिटलेले. मी तिच्या हाताला हात लावला. हात गार होता. आत्ता गेलेल्या माणसाचा नव्हे — बराच वेळ झालेला, ताठलेला.

मी नरसव्वाकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. आम्ही दोघं का धावत आलो, ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही. आजतागायत नाही. वकील म्हणाले होते की दोन साक्षीदार लागतात. त्या दुपारचे आम्ही दोघं होतो. तिनं भिंतीच्या पलीकडून काय ऐकलं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

तेरावा झाल्यावर मी नरसव्वाला कागदाबद्दल सांगितलं. ती चौकात उभी होती, पदर डोक्यावर. तिनं एवढंच विचारलं, "आक्कांनी तसं सांगितलं?"

मी तोंडानं काही बोललो नाही. मान हलवली.

ती खोल्या सोडून गेली. भांडली नाही, पेठेत कुणापाशी बोलली नाही. विजापूर वेशीकडे कुणाच्या तरी मागावर काम धरलं असं कळलं. मी शेड सुताच्या गोदामाला भाड्यानं दिली. माझं लग्न झालं. सासऱ्यांनी पुन्हा एकदा चौकातून मागं जाऊन घर बघितलं आणि चांगलं आहे म्हणाले.

वर्षं गेली. मध्ये कितीदा वाटलं, जाऊन तिच्या हातात खोल्यांची किल्ली द्यावी. कितीदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही. परत आलो. कारण सांगत बसत नाही. कारणं होती, आणि ती सगळी माझ्याच सोयीची होती. एक दिवस कळलं की नरसव्वा वारली. त्या रात्री मला चांगली झोप लागली — हेही सांगून टाकतो.

आणि मग, गेल्या साली, मधल्या सुट्टीत एक बाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तेलंगी नेसण, हाताला खळीचे डाग. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "मास्तर, मी पद्मा. नरसव्वाची."

मी तिला आत बोलावलं. ती बसली नाही. तिचा नवरा विणकर, खोकल्यानं अंथरुणाला खिळलेला होता. त्याला त्याचा माग आणि राहतं घर तिच्या नावे लिहून द्यायचं होतं, नाहीतर दीर तिला पोरांसकट बाहेर काढतील. लिहिणारा ठरला होता. एक साक्षीदार मिळाला होता, दुसरा हवा होता. "गल्लीतलं कुनी चालत न्हाई, सगळी दिराकडनं बोलनारी," ती म्हणाली. "मग मला तुमी आठवलासा. आई म्हनायची, आक्कांचं शेवटचं सगळं मास्तरांनी केलं. नड आली तर त्यांच्याकडं जा. भरवशाचा मानूस हाय."

"आई असं म्हणायची?" मी विचारलं.

"व्हय की. लई येळा."

नरसव्वाला काहीच कळलं नव्हतं? की सगळं कळून तिनं पोरीला हे सांगितलं होतं? मी पद्माच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिथं काही नव्हतं. एका नडलेल्या बाईचं तोंड होतं ते.

सांगायची वेळ होती ती. शाळेचा व्हरांडा रिकामा होता, ती समोर उभी होती, दोन वाक्यांत झालं असतं. मी म्हटलं, "केव्हा येऊ?"

रविवारी गेलो. एक खोली, त्यातच माग, मागाच्या बाजूला तिचा नवरा उशीला टेकून बसलेला. लिहिणाऱ्यानं मजकूर वाचला. मी मध्येच त्याला थांबवून सांगितलं की शेजारची मोकळी जागाही स्पष्ट लिहा, नंतर वाद नकोत, आणि चूल कुणाच्या वाटणीला ते लिहा. लिहिणारा म्हणाला, मास्तरांना यातलं चांगलं कळतं. पद्माच्या नवऱ्यानं अंगठा दिला. दुसऱ्या साक्षीदारानं सही केली, मग मी केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, ठळक.

पद्मानं चहा दिला, मी घेतला. निघालो तशी ती उंबऱ्यापर्यंत आली, पदर सावरून वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.